बालवाडीतील भाषिक मूल्यमापन : एक चिकित्सा

बालकाच्या प्रगतीची नोंद ठेवावी की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. ती नोंद नेमकी कशाची होते, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २०२२ मध्ये ३ ते ८ वर्षे या वयोगटासाठी औपचारिक परीक्षा अनुचित ठरविली आणि बालकाचे निरीक्षण व त्याच्या कृतींचे परीक्षण या दोन मार्गांचा पुरस्कार केला. तत्त्व म्हणून हे स्वागतार्हच होय. परंतु निरीक्षण करणाऱ्याच्या मनात एखादे माप आधीच ठरलेले असेल, तर परीक्षा केवळ नाव बदलून परत येते.

महाराष्ट्राला निरीक्षणाची ही दृष्टी नवी नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते कार्य कोसबाडला गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, खडे ही तेथील साधने होत. मुलाचा परिसर हेच ज्ञानाचे साधन मानणे, हे या प्रयोगाचे मर्म. मात्र परिसरातील वस्तूंना जो मान मिळाला, तो परिसरातील बोलीला मूल्यमापनात अद्याप पुरता मिळालेला नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, दौलताबादच्या वाटेवर असलेल्या पडेगावसारख्या वस्तीचा विचार करावा. या भागात मराठवाडी मराठी व दखनी कानी पडतात. चित्र पाहून एखादी चार वर्षांची मुलगी ‘आई भाकर करायली’ असे म्हणते, अशी कल्पना करावी. ‘करत आहे’ या रूपाची अपेक्षा धरणारी नोंदवही तिच्या नावापुढे ‘वाक्यरचना अपूर्ण’ असा शेरा मारील. वस्तुतः क्रिया चालू असल्याची जाण, कर्त्याचे लिंग-वचन आणि पदांचा क्रम हे सारे त्या तीन शब्दांत बिनचूक आले आहे. ‘किताबाँ’ म्हणणारे दखनीभाषक मूलही आपल्या भाषेचा अनेकवचनाचा नियमच पाळत असते.

येथे तीन भिन्न गोष्टींची गल्लत होते. ‘करायली’ हा बोलीभेद आहे. ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणे हा विकासातील टप्पा आहे. मुले नियम स्वतः शोधून लावतात, हे जीन बर्को यांनी १९५८ मध्ये निरर्थक इंग्रजी शब्द वापरून दाखविले होते. आणि घरच्या भाषेतही मूल बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ती गोष्ट श्रवणतपासणीची आहे. एकाच ‘अशुद्ध’ या रकान्यात तिन्ही टाकल्यास दुहेरी हानी होते: निरोगी मूल मंद ठरून गप्प होते, आणि ज्याला ऐकूच येत नाही, ते ‘घरची भाषा निराळी आहे’ या समजुतीखाली दुर्लक्षित राहते. दुसरी हानी अधिक गंभीर, कारण तेथे गेलेले महिने भरून येणे कठीण.

पुढे शाळेत प्रमाण मराठी लागणारच, मग आतापासून का नको, असा आक्षेप घेतला जाईल. प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. परंतु शिकविण्याचे उद्दिष्ट आणि मोजण्याचे माप यांत फरक आहे. जे अद्याप शिकविलेच नाही, त्यावरून मुलाची बुद्धी मोजणे हे मूल्यमापन नव्हे.

१९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी सेविकेवर पोषण, वजन, लसीकरण यांचा भार आहेच. तिला आणखी एक लांबलचक तक्ता देण्यात अर्थ नाही. दरमहा मुलाचे एक वाक्य, जसे उच्चारले तसे, तारीख व प्रसंगासह टिपावे. त्याची तुलना त्याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या वाक्याशी करावी. आणि शंका आल्यास ‘घरी कसे बोलते?’ हे आईला विचारावे. आराखड्यातील निरीक्षणाचे तत्त्व खरे ठरायचे, तर नोंदवहीत प्रथम मुलाचे शब्द यावेत; शेरा त्यानंतर.