खण

मराठीत ‘खण’ हा शब्द तीन घरी नांदतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर दोन खणी की पाच खणी हे त्यावरून ठरायचं. कपाटाचा कप्पा म्हणजे खण. आणि ओटीत नारळाबरोबर येतो तो चोळीचा तुकडाही खणच. गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या घरात हे तिन्ही एकाच्या पोटात एक बसतात. माझ्या कापडांच्या कपाटाविषयी लिहायला बसले आणि हा शब्दच आधी पुढे आला, म्हणून पहिला मान त्याला.

कपाट दिसायला साधंच. सहा फूट उंच, सहा फूट रुंद, मधोमध उभी फळी, दोन्ही अंगांना पाच-पाच खण. त्याचं सगळं मर्म एका आकड्यात आहे: खोली फक्त १३ इंच. सुतार नेमका तिथेच अडला होता. “ताई, बावीसच्या खाली कपाट कुणी करत नाही.” त्याचं काही चुकत नव्हतं. हँगरला सतरा-अठरा इंच लागतात, वर दाराला न घासता कपडा लोंबायला हवा, म्हणून फ्लॅटमधली कपाटं बावीस-चोवीस इंच खोल असतात. ती माणसाच्या खांद्यांच्या मापाने केलेली. घडीच्या कापडाला खांदे कुठे असतात?

आधी माझी कापडं अशाच एका खोल कपाटात होती. पुढे एक रांग, मागे एक रांग. मागची रांग म्हणजे अज्ञातवास. एकदा नारिंगी ठिपक्यांचं कापड हौसेने दोन मीटर आणलं आणि ठेवायला गेले, तर मागून त्याची जुळी बहीण निघाली, तीन वर्षांपूर्वी आणलेली. त्या दिवशी ठरवलं की जे हाताआड जाईल ते घेतलंच नाही असं समजायचं, नाहीतर कपाट बदलायचं. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतलं फडताळ असं उथळ असायचं. त्यात वस्तू एकीमागे एक दडत नसत. शहाणपण भिंतीतच होतं. आपण ती भिंत पातळ केली आणि कपाट फुगवलं.

तेरा इंच आले कुठून? कापडाच्या पन्ह्यातून. आज बाजारात मिळणाऱ्या सुती कापडाचा पन्हा बहुधा ४४ इंच असतो. काठाला काठ लावून एक घडी घाला, २२ झाले. पुन्हा दुमडा, ११. आता लांबीच्या बाजूने दोनदा दुमडलं की मीटरभर कापडाची पाटी तयार होते, दहा इंच बाय अकरा. ती १३ इंचांच्या फळीवर बसते, पुढेमागे बोटभर जागा राहते. म्हणजे फळीचं माप सुताराने नाही, विणकराच्या मागाने ठरवलं. हे कळल्यावर मला त्या कपाटाचा जो अभिमान वाटला, तो दागिन्यांच्या कपाटाचाही कधी वाटला नाही. (दागिन्यांचं कपाट नाही, हा भाग वेगळा.)

घडीची बंद बाजू बाहेर, सुटे काठ आत. हा नियम मोडला तर सगळं रसहीन होतं. बंद कडा समोर असल्या की प्रत्येक कापड एका गोल, भरीव रेषेने दिसतं. सुटे काठ समोर असले की नुसत्या दशा. माझ्या डोळ्यांच्या उंचीवरचा खण बघा. खाली निळीची कापडं, गडद ते फिकट. मग मधेच इरकली लुगड्याच्या पदराचा लाल तुकडा, त्यावर पांढऱ्याचे दात. मग पुन्हा निळं, आणि सगळ्यात वर पिवळा खण. हा लाल तिथे चुकून आला. जागा नव्हती म्हणून खुपसला होता. पण निळ्याच्या दोन थरांमध्ये तो असा बोलला की पुढची गोधडी मी त्याच क्रमाने जोडली. चळत रचताना मी गोधडी रचते आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चळतीची उंची मात्र दहा इंचांवर जाऊ द्यायची नाही. वर दोन-तीन इंच मोकळे हवेत, हात शिरायला. उंच चळतीतून तळचं एक ओढलं की उतरंड कोसळते, आणि मग माणूस वरवरचंच वापरत राहतो. वजनाचंही भान हवं. मीटरभर सुती कापड साधारण दीडशे ग्रॅम. तीन फुटी फळीवर तीन चळती, म्हणजे शंभराच्या वर तुकडे, म्हणजे पंधरा-सोळा किलो. म्हणून फळी पाऊण इंची प्लायची आणि तीन फुटांवर उभा टेकू. भुशाच्या बोर्डाला पोक येतो. कच्चं लाकूड कापडावर पिवळे डाग पाडतं, तेव्हा त्यावर सनमायका किंवा धुतलेलं पांढरं कापड. तारेची जाळी स्वस्त पडते, पण तळच्या कापडावर तिचे वळ उठतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, पावसाळ्यात ओल येते. उन्हासमोरही नको. दारं हवीतच.

बाकी सामानाला फळीचं कौतुक नाही. रिळं, बॉबिनी, टाचण्या, हुकं, नाड्या, अंगुस्तान हे सगळं श्रीखंडाच्या डब्यांत. मराठी घरात श्रीखंड संपतं, डबा संपत नाही. बटणांना जुना मसाल्याचा डबा मिळाला आहे. सात वाट्या, आणि झाकण उघडलं की अजून हळदीचा वास. मशीनच्या तेलाची बाटली तेवढी सगळ्यात खाली, कापडाच्या वर कधीही नाही.

शेवटच्या खणात फळीच घातलेली नाही, दोन खणांचा एक केला आहे. तिथे आजीचं गाठोडं आहे. जुनेराचे चार कोपरे बांधलेले, आत चिंध्या: दांड घालताना काढलेला लुगड्याचा विरलेला मधला भाग, परकराचे काठ, शिंप्याकडची कात्रणं. या गाठोड्यात कुठे काय आहे हे बघून कळत नाही. आजी गाठ न सोडता कोपऱ्यातून हात घालायची आणि नुसत्या स्पर्शाने हवी ती चिंधी ओढायची, मऊ आतल्या थराला, जाड कडेला. मी दोन-तीनदा हात घालून पाहिला. दर वेळी आतून तोच एक खरखरीत खाकी तुकडा येतो, आजोबांच्या पँटचा असावा. तो परत आत ढकलते आणि दार लावते. गाठीमुळे ते नीट लागत नाही, चार बोटं उघडं राहतं.