निकालांत निघालेल्या लष्करी रायफली व त्यांवरील अक्षरें

या त्रैमासिकाच्या वाचकांस तोड्याच्या बंदुका, फिरंगी पातीं व पट्टे यांच्या चर्चेची संवय आहे. परंतु बोल्टाच्या रायफलीचें नांव निघतांच 'कालचें लोखंड' म्हणून तिची बोळवण करणारे आमच्यांत बरेच आहेत. ली-एन्फील्ड जातीच्या आखूड रायफलीचा 'मार्क तीन' हा नमुना इंग्रज सरकारनें १९०७ सालीं मान्य केला. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें हस्तलिखितास पाऊणशें व इतर वस्तूंस शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. त्या मापानें १९१८ सालची रायफल केव्हांच उंबरठा ओलांडून आंत आली. तेव्हां अशा रायफली विकत घेणाऱ्यांसाठीं विलायतेंत व अमेरिकेंत जें विपुल लिखाण झालें आहे, त्याची आमच्या शास्त्राच्या अंगानें एकवार परीक्षा करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हें लिखाण वाढलें तें बाजारामुळें. अमेरिकेनें १९६८ च्या कायद्यानें परदेशी लष्करी शस्त्रांची आयात बंद केली आणि १९८४ च्या दुरुस्तीनें जुनीं व संग्राह्य ठरलेल्यांपुरती ती पुन्हां मोकळी केली. त्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या रायफलीहि तिकडील दुकानांत दिसूं लागल्या. २००३ सालीं तर नेपाळच्या राजशस्त्रागारांतील जुन्या शस्त्रांचा अफाट सांठा व्यापाऱ्यांनीं एकगठ्ठा खरेदी केला. माल आला तसे गिऱ्हाईकांस सल्ला देणारेहि आले. त्यांच्या सल्ल्याचें सार एका सूत्रांत येतें: बोल्ट, नळी, दर्शनी पट्टी, लांकडी दस्ता व नाकाची टोपी या सर्वांवरील अंक जुळले पाहिजेत, जुळले तर वस्तु मूळ, न जुळले तर भ्रष्ट.

या सूत्रांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, असें आमचें मत आहे. बोल्टाचा अंक जुळणें हा नेमबाजाच्या जिवाचा प्रश्न आहे. या जुन्या नमुन्यांत बोल्टाचें डोकें प्रत्येक रायफलीस कारागिरानें बसवून घेतलेलें असे. पुढें चौथ्या क्रमांकाच्या रायफलींत ० ते ३ अशीं मापाचीं डोकीं निघालीं. परकें बोल्ट घातल्यास काडतुसाच्या बुडाशीं नको तेवढी फट राहते, पितळ फाटतें व वायु मागें उसळतो. तसेंच 'डी. पी.' हीं अक्षरें म्हणजे केवळ कवाइतीची रायफल. तीं दिसतां ती डागण्याचा विचारहि करूं नये. १९६२ च्या चिनी युद्धानंतर इशापुरानें त्याच घाटावर ७.६२ मि.मी. ची '२ ए' ही रायफल काढली. तिची पेटी अधिक चौकोनी आहे एवढाच ठळक फरक. बाकी रूपावरून काडतूस ठरवूं जाणारा फसेल. इथपर्यंत त्या सल्लागारांचें म्हणणें आम्हांस शिरसावंद्य आहे.

पण दस्त्याचा किंवा नाकाच्या टोपीचा अंक न जुळणें हा दोष कां मानावा? पोथीच्या समासांत दुसऱ्या हातानें घातलेलें शोधन पाहून कोणी संशोधक पोथी टाकून देत नाहीं. उलट तिच्या प्रवासाची वाट तेथेंच सांपडते. इशापूरचा कारखाना १९०४ सालीं स्थापन झाला व विलायतेंतून आलेल्या रायफलींची डागडुजीहि तेथें होई. एखाद्या रायफलीवर बोल्टामागील कड्यास इंग्लंडांतील कारखान्याचें नांव व १९१७ चें साल, नळीवर पुढचें कुठलें तरी साल, आणि लांकूड फाटूं नये म्हणून ठोकलेला इशापुरी स्क्रू असा थर आढळतो. व्यापारी याला 'मिश्र' म्हणून नाक मुरडतो. आम्ही याला तीन हस्तांची पोथी म्हणूं. दुःख याचें, कीं नव्यासारखी दिसावी म्हणून घासून पॉलिश केलेल्या दस्त्यांवरून हे शिक्के कायमचे जातात, आणि घासणाऱ्याचें कौतुक होतें.

या अक्षरांचें वाचन आमच्या वाचकांस अवघड नाहीं. कड्यावर मुकुट, त्याखालीं राजाचीं आद्याक्षरें, मग कारखाना, साल व नमुना असा क्रम असतो. इशापुरांत पंचम जॉर्जाच्या अमदानींत 'जी. आर. आय.' हीं अक्षरें येतात. शेवटचें अक्षर सम्राटपदाचें. प्रजासत्ताकाच्या काळांत मुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह बसले. म्हणजे राजमुद्रेवरून काल ठरविण्याची जी रीत आपण सनदांस लावतों तीच येथें लागू पडते.

आणि सनदांप्रमाणेंच येथें बनावटहि आहे. खैबरघाटाच्या परिसरांतील, विशेषतः दर्रा आदमखेल येथील, कारागीर गेल्या शतकापासून हातानें रायफली घडवीत आले व इंग्रजी शिक्केहि नकलून उठवीत आले. अक्षरओळख नसल्यानें 'एन्' उलटें पडतें, एन्फील्ड या नांवांतील अक्षरें गळतात किंवा जागा बदलतात. याहून मोठी चूक म्हणजे 'व्ही. आर.' या अक्षरांखालीं १९०७ नंतरचें साल व मार्क तीन हें नांव! राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजीं वारली; तिच्या मुद्रेखालीं तो नमुना निघणें अशक्य. ज्यानें शिक्क्यावरील नांव आणि सुहूर सन यांचा मेळ न बसल्यामुळें एखादें वतनपत्र बाजूस सारलें आहे, ज्यानें तिथिवाराचा ताळा जंत्रीशीं पाहिला आहे, त्यास ही परीक्षा शिकवावी लागणार नाहीं. तरीहि २००१ नंतर अफगाणिस्तानांत गेलेल्या परदेशी शिपायांनीं अशा रायफली अस्सल समजून बाजारांतून घेतल्या. नेमबाजीस त्या निरुपयोगी, कारण पोलादाचा भरंवसा नाहीं. संग्रहास मात्र त्या अवश्य असाव्या. फक्त नांव खरें लिहावें.

आमच्या इंदिरानगराहून देवळालीची छावणी फार लांब नाहीं. तोफखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी अधूनमधून एखाद्या रायफलीचें छायाचित्र वाचून देण्यास आणतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: ही कोणत्या लढाईंतली? मराठा पलटणी कूट-अल्-अमारा येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या पुणें डिव्हिजनांत होत्या, म्हणून घरांतल्या प्रत्येक जुन्या छायाचित्रांतील रायफल मेसोपोटेमियाची ठरते. पलटणीची खूण दस्त्यावरील पितळी चकतीवर असे. पण ती चकती स्क्रूनें बसविलेली, सहज निघणारी. सुट्या पुष्पिकेच्या पानावरून पोथीचा काल ठरविण्याइतकाच तिचा आधार कच्चा.

आतां विकत घेण्याचें. आपल्याकडे .३०३ ही निषिद्ध बोअर गणली जात असल्यानें सामान्य परवानेदारास ती मिळत नाहीं. म्हणूनच इशापुरानें ली-एन्फील्डच्याच यंत्रणेवर.३१५ ची शिकारी रायफल काढली. १९५९ च्या शस्त्रकायद्याचें ४५ वें कलम जुन्या घाटाच्या शस्त्रांस सूट देतें, पण दुरुस्तीनेंहि जें डागतां येणार नाहीं त्यासच. शंभर वर्षें झालीं म्हणून परवाना नको, हा बाजारांतला समज चुकीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका इसमाच्या बंदुकींची मर्यादा तीनावरून दोहोंवर आली, व वारसानें येणाऱ्याहि त्यांतच मोजल्या जातात. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर .३०३ ला निरोप दिला. अशा निकालांत निघालेल्या रायफली भट्टींत जाण्यापूर्वीं कड्यावरील व नळीवरील अक्षरांचे ठसे कागदावर घेण्यास कोणताहि परवाना लागत नाहीं. शिलालेखाचे घेतों तसे घ्यावे, व प्रत्येक अंकाची जागा लिहावी.

अशा ठशांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो .४१० च्या मस्केटीचा. १८५७ नंतर हिंदी शिपायास गोऱ्याहून एक पिढी मागचें शस्त्र देण्याचा प्रघात पडला: गोऱ्याकडे मार्टिनी-हेन्री तेव्हां त्याच्याकडे स्नायडर, गोऱ्याकडे ली-मेटफर्ड तेव्हां त्याच्याकडे मार्टिनी. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें रयतेचे हात बांधलेच होते. पुढें पोलिस व पहारेकरी यांच्यासाठीं इशापुरांत चांगल्या .३०३ रायफलींच्या नळ्यांतील पेंच खरवडून त्या गुळगुळीत केल्या आणि पेटींत लांकडी ठोकळा घालून एकेरी केल्या, म्हणजे चोरीस गेली तरी लष्करी काडतूस तिला चालूं नये. कड्यावर मूळ कारखान्याचें नांव तसेंच, शेजारीं नवा .४१० चा शिक्का. राज्यकर्त्यांचा अविश्वास इतक्या स्पष्ट अक्षरांत कोणत्याहि दफ्तरांत सांपडणें कठीण. आणि अंक जुळण्याच्या फुटपट्टीनें ती मस्केट रद्दींत जमा होते.