यश कुणाला म्हणावं? जॉन वुडन आणि संजीवनी कबड्डी

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर भोरला येऊन बास्केटबॉलवर बोलतो आहे, याचं आपल्याला नवल वाटेल. पण आम्हाला खेळावर बोलायचंच नाही. बोलायचं आहे ते एका व्याख्येवर. ती केली जॉन वुडन या अमेरिकन प्रशिक्षकानं, आणि आज आपल्याकडच्या बऱ्याच क्रीडाशिक्षकांच्या तोंडी ती, त्याचं नाव माहीत असो वा नसो, असतेच.

वुडन मूळचा इंग्रजीचा शिक्षक. पालक मुलाला आणि शिक्षकाला केवळ गुणांवरून तोलतात, हे त्याला खटकत होतं. म्हणून १९३४ साली त्यानं यशाची स्वतःची व्याख्या बांधली. तिचा आशय असा: आपल्या कुवतीप्रमाणे उत्तमात उत्तम होण्याचा पूर्ण प्रयत्न आपण केला, हे ठाऊक असल्यामुळे लाभणारी मनाची शांती म्हणजे यश. पुढे १९४८ ते १९७५ तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ साली, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. मग बारा वर्षांत दहा विजेतेपदं!

या विचारात मोठं बळ आहे. स्टोइक तत्त्वज्ञ धनुर्धराचं उदाहरण देत. नेम नीट धरणं त्याच्या हाती; बाण सुटल्यावर वारा आला तर तो काय करणार? फलाची आसक्ती सोडून कर्म करावं, हे आपल्यालाही गीतेमुळे परकं नाही. हरलेल्या पोराला घरी तोंड दाखवायची लाज वाटू नये, एवढं जरी या विचारानं साधलं तरी पुष्कळ झालं.

मग आमची तक्रार कुठे आहे? ती सांगायला आपल्या मातीतला खेळ घेऊ. कबड्डीचे तीन प्रकार जुन्या खेळाडूंना माहीत आहेत: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहतो, फक्त गुण मोजला जातो. गामिनीत बाद झालेला बाहेर जातो आणि सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. संजीवनीत मात्र आपण समोरचा एक गडी मारला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो, ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. आजची स्पर्धात्मक कबड्डी याच तत्त्वावर चालते.

आता बघा, यातून काय निघतं. चढाई करणाऱ्याच्या गुणाला इथे दोन अर्थ आहेत. एक फलकावरचा, दुसरा बाहेर बसलेल्या सोबत्याचा. मी गुण आणला नाही, तर कुणीतरी तिथेच बसून राहतो. अशा वेळी ‘मी पूर्ण प्रयत्न केला, माझं मन शांत आहे’ हे वाक्य खरं असूनही अपुरं पडतं. वुडन निकालाकडे मुख्यतः बाहेरच्या मानमरातबाचं माप म्हणून बघतो. पण निकालात दुसऱ्या माणसाचं जगणं-मरणंही गुंतलेलं असू शकतं.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. निवृत्तीच्या आधी एकदा कॉलेजच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून आम्हाला पाठवलं होतं. संघात वेल्ह्याकडचा, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिकडचा, एक मुलगा होता. सगळा खेळ मातीत, अनवाणी शिकलेला. सामने मॅटवर. दुसऱ्याचे मागून आणलेले बूट घालून उतरला, आणि शेवटच्या चढाईत वळताना पाय सटकला. आम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालो, ‘‘अरे, तू जिवापाड प्रयत्न केलास, पुरे आहे.’’ तो म्हणाला, ‘‘सर, माझं राहू द्या. तिघं बाहेर बसली होती. त्यांना आत आणता आलं नाही.’’

आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवून आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक गोष्ट. वुडन पहिल्याच सरावाला खेळाडूंना मोजे आणि बूट नीट कसे घालायचे ते शिकवी. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर खेळ थांबतो. किती थोर शिकवण! पण तिथे बूट आधीच हजर आहेत. ‘कुवतीप्रमाणे उत्तम’ म्हणताना ती कुवत घडवायची साधनं कुणी पुरवायची, हा प्रश्न व्याख्येबाहेर राहतो. मग तीच व्याख्या, वुडनच्या मनात नसतानाही, व्यवस्थेला सोयीची होते. मॅट द्यायची नाही, आणि हरल्यावर मनःशांती द्यायची!

म्हणून ती व्याख्या टाकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. खेळाडूनं ती स्वतःला जरूर लावावी. प्रशिक्षकानं, संस्थाचालकानं, आमच्यासारख्या मास्तरानं ती दुसऱ्याला लावण्याआधी मात्र स्वतःला विचारावं: या पोराला आत आणण्यासाठी आपण कोणती चढाई केली?

त्या दिवशी आम्ही केली नव्हती. बूट आधी मागवता आले असते.