लाळेच्या पट्टीला विचारायचे तरी काय?

'ॲसिडिटी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की पोट फुगणे, आंबट ढेकर, डोकेदुखी, जागरणानंतरची मळमळ या सगळ्यांना आपण तो बिनदिक्कत चिकटवतो. वैद्यकाला त्यातली एकच गोष्ट नेमकी मोजायची असते. जठरातले आम्ल अन्ननलिकेत उलट चढते का, आणि चढत असेल तर किती? हे मोजण्यासाठी शरीरात काहीही न घालता वापरता येईल असे साधन बनवण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. हेतू उत्तम आहे. पण त्यातली बरीच साधने 'किती' हा प्रश्न सोडून 'का' एवढ्यावरच थांबतात, आणि माझी तक्रार तिथे आहे.

आधी अडचण समजून घेऊ. हृदयाचा विद्युत आलेख छातीवरून काढता येतो, कारण हृदयाच्या स्नायूंत निर्माण होणारे विभवांतर कातडीपर्यंत पोहोचते. आम्ल मात्र मुकाट असते. हायड्रोजन आयनांची दखल विद्युतअग्र घेते, पण ते त्या द्रवात प्रत्यक्ष बुडाले असेल तरच. शरीराच्या तापमानाला सामू एका अंकाने बदलला की सुमारे ६१ मिलिव्होल्टचा फरक पडतो, पण तो त्या अग्रापाशी. कातडीवर त्याचा मागमूस नसतो. पोटावर पट्ट्या लावून जठराचाही विद्युत आलेख निघतो. वॉल्टर अल्वारेझ यांनी तो १९२० च्या दशकातच काढून दाखवला. त्यात जठराच्या स्नायूंची मिनिटाला सुमारे तीन अशी लय दिसते. आम्ल वर गेले की खाली, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून नळी आली. नाकातून बारीक नळी घालून तिचे अग्र अन्ननलिकेच्या तळच्या झडपेच्या ५ सेंटिमीटर वर ठेवायचे आणि २४ तास सामू नोंदवायचा, ही पद्धत जॉन्सन आणि डीमीस्टर यांच्या १९७४ च्या कामानंतर रुळली. सामू ४ च्या खाली जितका वेळ राहील, तितका वेळ अन्ननलिका आम्लात होती असे धरतात. २०१८ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या 'लिऑन' निकषांनुसार हा काळ ६ टक्क्यांहून जास्त असेल तर रोग आहे, ४ टक्क्यांहून कमी असेल तर नाही, आणि मधला पट्टा संदिग्ध. आता दिवसाच्या १,४४० मिनिटांशी हिशेब करा. ४ टक्के म्हणजे जवळजवळ ५८ मिनिटे, ६ टक्के म्हणजे ८६. थोडक्यात, दिवसभरात मिळून पाऊण तास आम्ल वर चढले तरी माणूस निरोगीच! जेवणानंतर ती झडप अधूनमधून सैल पडते, थोडे आम्ल वर येते, गिळलेली लाळ ते धुऊन नेते. हे तुमच्याआमच्यात रोज घडते.

नळीही निर्दोष नाही. नाकात नळी घेऊन कोणी मिसळ खायला जात नाही. माणूस कमी खातो, कमी हिंडतो आणि मोजला जाणारा दिवस त्याचा नेहमीचा दिवस राहत नाही. दुर्बिणीतून अन्ननलिकेला चिकटवायची बिनतारी कुपी हा त्यावरचा उतारा. ती ४८ ते ९६ तास नोंद करते आणि पुढे आपोआप गळून पडते. पण दुर्बीण आत घालावी लागतेच.

नळीला पर्याय म्हणून पुढे आलेल्या साधनांपैकी सर्वांत गाजलेली म्हणजे लाळेची पट्टी. पेप्सीन हे विकर जठरातच तयार होते, तेव्हा ते लाळेत सापडले तर जठरातले काहीतरी वर आले असणार, हा तर्क सुंदर आहे. गर्भधारणेच्या तपासणीसारखीच ही पट्टी. प्रतिपिंडांना पेप्सीन सापडले की रेघ उमटते. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० निरोगी आणि छातीत जळजळ असलेल्या १११ जणांची लाळ तपासली गेली. कसलीही तक्रार नसलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांच्या लाळेत थोडे का होईना, पेप्सीन निघालेच. निघणारच होते, आत्ताच आपण ती मिनिटे मोजली. या अभ्यासात पट्टीने रोग्यांपैकी ७८.६ टक्के ओळखले आणि रोग नसलेल्यांपैकी ६४.९ टक्क्यांना बरोबर वगळले.

हे आकडे ऐकायला बरे वाटतात. आठवी-नववीच्या मुलांकडून एक हिशेब करवून घ्या. १,००० माणसे घ्या आणि त्यांपैकी २०० जणांना खरोखर रोग आहे असे धरा. पट्टी त्यांतल्या १५७ जणांना 'हो' म्हणेल. उरलेल्या ८०० निरोग्यांपैकी २८१ जणांनाही 'हो' म्हणेल. एकूण 'हो' ४३८, त्यांत खरे १५७, म्हणजे ३६ टक्के. आता २०० ऐवजी ५०० जणांना रोग आहे असे धरा. त्याच पट्टीचे 'हो' ६९ टक्के वेळा खरे ठरेल. पट्टी तीच, फक्त हाती घेणारी माणसे बदलली. औषधांच्या दुकानातून कोणीही न्यावी अशी पट्टी आणि तज्ज्ञाच्या दवाखान्यातली पट्टी, या एकाच डबीत असल्या तरी दोन वेगळ्या वस्तू आहेत.

याच्या शेजारी एक कागद ठेवू. 'गर्डक्यू' ही सहा प्रश्नांची प्रश्नावली २००९ साली प्रसिद्ध झाली. गेल्या आठवड्यात किती दिवस जळजळ झाली, त्यापायी झोप मोडली का, असे साधे प्रश्न. ८ किंवा अधिक गुण मिळाले तर रोग संभवतो. तिची संवेदनक्षमता ६५ टक्के आणि विशिष्टता ७१ टक्के नोंदवली गेली. त्याच हजार माणसांत ती ३६२ जणांना 'हो' म्हणेल, आणि त्यांत खरे १३०. पुन्हा ३६ टक्के! दोन्ही अभ्यासांतले रुग्ण आणि कसोट्या वेगळ्या होत्या, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य. तरीही नव्या उपकरणाच्या निर्मात्याला हे विचारायलाच हवे की तुमचे यंत्र एका पानाच्या प्रश्नपत्रिकेच्या किती पुढे जाते? आम्ल कमी करणारी गोळी देऊन पाहणे, हीसुद्धा शरीरात काही न घालता होणारी चाचणीच म्हणायची. २००४ साली अनेक अभ्यास एकत्र करून तिचे मूल्यमापन झाले, तेव्हा संवेदनक्षमता ७८ आणि विशिष्टता ५४ टक्के आली. गोळीने बरे वाटले म्हणजे रोग हाच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

खोट्या 'हो'ची किंमत केवळ वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांची नसते. पन्नाशीतल्या माणसाच्या छातीत दडपण येते आणि घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल. उद्या घरात पट्टी असली आणि तिच्यावर रेघ उमटली, तर त्या समजुतीवर शिक्का बसेल. पट्टी खोटे बोललेली नसेल. त्याच्या लाळेत पेप्सीन असेलही. पण दडपण त्यामुळेच आले, हे तिने कुठे सांगितले? तिथे आधी हवा तो हृदयाचा आलेख.

लहान मुलांसाठी आपल्याकडच्या मोठ्या इस्पितळांत 'मिल्क स्कॅन' करतात. टेक्नेशियम-९९एम मिसळलेले दूध पाजून गॅमा कॅमेऱ्याखाली ते वर चढते का पाहतात. दुधाने आम्ल बोथट झालेले असतानाही उलट प्रवाह दिसतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र कॅमेरा पाहतो तो साधारण तासभर. दिवसाचे उरलेले २३ तास इथेही अंधारातच.

लंडनच्या त्या अभ्यासातला सर्वांत उपयोगी आकडा रेघेचा नाही, प्रमाणाचा आहे. लाळेत पेप्सीन दर मिलिलिटरला २१० नॅनोग्रॅमहून जास्त असेल, हा उंबरठा धरला तर विशिष्टता ९८.२ टक्क्यांवर गेली. उंबरठा वर नेला की काही खरे रोगीही निसटतात, हे ओघानेच आले. तरी प्रमाण सांगणारी आणि दिवसातून बऱ्याच वेळा, उठल्यावर, जेवणांनंतर, निजताना लाळ तपासणारी पट्टी कोणी केली, तर ती निदान त्या ५८ आणि ८६ मिनिटांच्या भाषेच्या जवळ तरी येईल.