दोराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस

घरात पंख्याखाली बसून आठ हजार मीटरवरच्या थंडीची हकिकत वाचणाऱ्या वाचकाला नेमकं काय मिळतं? 'थरार' हे ठरलेलं उत्तर अपुरं आहे. थरार कादंबरीतही मिळतो. सत्य साहसकथा वाचताना वाचक न्यायनिवाड्याला बसतो. त्या जागी, त्या क्षणी, अंगात तेवढंच त्राण उरलेलं असताना त्या माणसाने केलं ते बरोबर होतं का? मी काय केलं असतं? घटना खरी असल्यामुळे या प्रश्नांतून सुटका नसते. पण न्याय एका साक्षीवर होत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांतली या प्रकारातली पुस्तकं आणि चित्रपट पाहिले, की साहसकथेची उंची कशाने वाढली हे स्पष्ट दिसतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला तिने बोलू दिलं, तेव्हा ती वाढली.

सुरुवात अन्नपूर्णेपासून करावी लागते. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर माणसाने प्रथमच पाऊल ठेवलं होतं. उतरताना हर्झोगने पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते, ते हातात चढवता आले असते. पण विरळ हवेत मेंदू इतका मंदावला होता की ते त्याला सुचलंच नाही. हाताची बहुतेक बोटं आणि पायाची सगळी बोटं त्याने गमावली. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने सांगितलेलं 'अन्नपूर्णा' हे पुस्तक १९५१ साली आलं आणि जगभर गाजलं. कितीतरी तरुण ते वाचून डोंगरात गेले.

मोहिमेचा नेता हर्झोग सोडून बाकीच्या सदस्यांनी मात्र एक करार केला होता : पाच वर्षं कुणीही स्वतःचा वृत्तान्त छापायचा नाही. लाशनाल शामोनीचा वाटाड्या होता, पाय हेच त्याचं पोट. त्याच्याही पायाची सगळी बोटं गेली होती. १९५५ साली स्कीइंग करताना हिमभेगेत पडून तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या वह्या छापल्या गेल्या, पण हर्झोगच्या भावाच्या संपादनातून, काटछाट होऊन. मूळ मजकूर वाचकांसमोर यायला १९९६ साल उजाडलं. त्यात लाशनाल साध्या शब्दांत सांगतो, की एकटा असतो तर आपण माथ्याखालून परत फिरलो असतो. पाय गोठताहेत हे त्याला कळत होतं. पण हर्झोगला एकटं सोडलं तर तो जिवंत परतणार नाही, हेही कळत होतं. म्हणून तो चालत राहिला. हर्झोगच्या पुस्तकात जे राष्ट्राचं यश आहे, ते लाशनालच्या वहीत एका वाटाड्याने पाळलेलं कर्तव्य आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तरच अन्नपूर्णा कळते, आणि हर्झोगचं पुस्तक त्यामुळे लहान होत नाही; फक्त त्यातला उजेड एकाच बाजूने पडलेला आहे हे लक्षात येतं.

ही उणीव जाणून लिहिलं गेलेलं या प्रकारातलं माझ्या मते सर्वश्रेष्ठ पुस्तक म्हणजे जो सिम्प्सनचं 'टचिंग द व्हॉइड' (१९८८). १९८५ साली पेरूमधल्या सिउला ग्रांदे या शिखरावरून उतरताना सिम्प्सनचा पाय मोडला. त्याचा सोबती सायमन येट्सने दोन दोर एकत्र बांधून त्याला टप्प्याटप्प्याने खाली सोडायला सुरुवात केली. एका टप्प्याला सिम्प्सन कड्यावरून खाली गेला आणि अधांतरी लटकला. वर येट्स बर्फात खोदलेल्या खळग्यात बसून त्याचं वजन पेलत होता. खळगा ढासळत होता, वादळात एकमेकांचा आवाज पोचत नव्हता. बऱ्याच वेळाने येट्सने चाकू काढून दोर कापला. सिम्प्सन हिमभेगेत पडला, वर जाता येईना म्हणून आणखी खाली उतरला, तिथून बाहेर पडला आणि तीन दिवस सरपटत तळावर पोचला.

एवढी सामग्री हाताशी असताना कुणीही स्वतःच्या जिद्दीची गाथा लिहिली असती. सिम्प्सनने पुस्तकाच्या मध्यभागी येट्सची बाजू येट्सच्याच मुखाने मांडली. दोर कापणाऱ्याचं मन दोर कापला गेलेल्याने इतक्या आस्थेने वाचकापुढे ठेवावं, याला मोठं मन लागतं आणि तितकीच मोठी लेखनकलाही. याच पुस्तकावरच्या केविन मॅक्डोनाल्डच्या २००३ सालच्या चित्रपटानेही हेच पथ्य पाळलं : दोघंही समोर बसून आपापलं सांगतात.

वादळात गिर्यारोहकांचे बळी घेणाऱ्या १९९६ च्या मे महिन्यातल्या एव्हरेस्ट दुर्घटनेने या प्रश्नाला वेगळी धार आणली. जॉन क्राकोरचं 'इनटू थिन एअर' १९९७ साली आलं. पत्रकाराची शिस्त, स्वतःलाही न सोडणारी नजर, यामुळे ते श्रेष्ठ आहे. पण ज्याच्यावर त्यात टीका होती, त्या अनातोली बुक्रेयेव या मार्गदर्शकाने त्याच वर्षी आपली बाजू मांडणारं 'द क्लाइम्ब' प्रसिद्ध केलं. ग्राहकांच्या आधी खाली उतरलेला हाच माणूस रात्रीच्या वादळात एकटा बाहेर पडून तिघांना वाचवून घेऊन आला होता. वाचकाला दोन्ही पुस्तकं वाचावी लागतात, आणि तरीही निकाल सोपा नाही.

त्याच वादळात डोंगराच्या तिबेटकडच्या अंगाला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे त्सेवांग समानला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरुप हे तिघं मरण पावले. त्यांपैकी एकाचा समजला जाणारा देह पुढे कित्येक वर्षं पायातल्या हिरव्या बुटांच्या नावाने, वाटेवरची खूण म्हणून ओळखला जात होता. ग्राहक आणि मार्गदर्शकांच्या वाट्याला पुस्तकांची रांग आली, या तिघांच्या वाट्याला तसं एकही गाजलेलं पुस्तक नाही. लिहू शकणारा सोबत असेल त्याचंच मरण जगाला कळतं, ही या साहित्यप्रकाराची सर्वांत मोठी मर्यादा आहे.

अलीकडच्या काळात ती ओलांडण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले. २००८ साली केटू शिखरावर ११ जण मेले. त्याची कथा 'बरीड इन द स्काय' (२०१२) या पुस्तकाने शेर्पांच्या बाजूने सांगितली. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात १६ कामगार गेले. 'शेर्पा' (२०१५) या माहितीपटाने त्यांच्या घरच्यांचं दुःख आणि सोबत्यांचा संताप दाखवला. अँडीजमधल्या १९७२ च्या विमान अपघाताची गोष्टही अशीच बदलत गेली. रवींद्र गुर्जर यांच्या 'सत्तर दिवस'मुळे ती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. विमानात ४५ जण होते, परतले १६. आधीच्या कथनांत परतलेल्यांचं धैर्य केंद्रस्थानी होतं. २०२३ च्या 'सोसायटी ऑफ द स्नो' या चित्रपटात कथा सांगतो नूमा तुर्कात्ती, जो सुटकेच्या थोडेच दिवस आधी मरण पावला. ज्यांच्या देहांवर बाकीचे जगले, त्यांनाच तिथे आवाज मिळाला आहे.

कॅमेऱ्याने या कलेला दिलं त्याहून जास्त काढूनही घेतलं आहे. 'फ्री सोलो' (२०१८) अपवाद आहे. अॅलेक्स होनॉल्ड एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय चढतो. खाली एक कॅमेरामन ते दृश्य बघवत नाही म्हणून तोंड फिरवतो, तेव्हा आपण आजवर काय मजेने बघत होतो हा प्रश्न अंगावर येतो. उलट '१४ पीक्स'ने (२०२१) नेपाळी गिर्यारोहकाला नायकपद दिलं हे फार मोलाचं असलं, तरी विक्रमाच्या घाईत शिखरं भराभर मागे पडतात आणि निर्मल पुर्जाचे सोबती पुरते उभे राहत नाहीत. मोबाइलवरच्या चित्रफितींत तर माथा तेवढा दिसतो, निर्णय दिसतच नाही.

मराठीत काय आहे? करणाऱ्यांची वाण नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजुंगा सर केलं. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून २०१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली आणि तिची हकिकत इंग्रजीत लिहिली. मराठीत छापून येणारे मोहिमांचे बरेचसे वृत्तान्त मात्र आभारांनी सुरू होऊन सत्काराने संपतात. शेवटच्या तळावरून कोण परत फिरला, कुणाशी वाद झाला, शेर्पाने कुणाचा जीव वाचवला, हे एका ओळीत उरकलं जातं. आपल्याकडे याहून चांगली परंपरा आहे. १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकलेल्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये आपली भीती, भूक आणि लपाछपी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिली. वीरश्रीचा आव न आणल्यामुळेच ते पुस्तक आजही खरं वाटतं.

म्हणून डोंगरात आणि समुद्रात जाणाऱ्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. मोहिमेचं पुस्तक नेत्याने एकट्याने लिहू नये. मागे फिरलेल्याला, तळावर स्वयंपाक करणाऱ्याला, दोर बसवणाऱ्या शेर्पाला त्यात त्यांच्या नावानिशी बोलू द्यावं. फसलेल्या मोहिमाही छापाव्यात आणि प्रकाशकांनी त्या मागून घ्याव्यात. शिखर सर झाल्याची बातमी वर्तमानपत्र देतंच. वर जाताना माणसं एकमेकांशी कशी वागली, हे सांगायला पुस्तकच लागतं.