झाशीच्या राणीचा ‘एकमेव फोटो’: एक तपासणी

झाशीत शिकवत असल्याने हा प्रश्न मला दरवर्षी येतो. कोणीतरी विद्यार्थी मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, “सर, हा राणीचा खरा फोटो ना?” फोटोत दागिन्यांनी मढलेली, समोर पाहणारी एक स्त्री असते. खाली लिहिलेले असते की हॉफमन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने १८५० साली हा फोटो काढला. २००९ साली भोपाळच्या एका प्रदर्शनात तो मांडला गेला आणि तेव्हापासून फिरतो आहे.

माझे मत आधीच सांगतो. हा फोटो राणीचा मानायला आधार नाही. मात्र हे चेहरा बघून ठरत नाही. त्यासाठी छायाचित्रणाचे तंत्र आपल्याकडे कसे पोचले ते पाहावे लागते.

ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसला दागेरची कृती जाहीर झाली आणि १८४० च्या सुरुवातीलाच कलकत्त्यात तिच्या साहित्याच्या जाहिराती आल्या. यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटे. निगेटिव्ह नसल्याने प्रत एकच. दुसरी पद्धत टॅल्बटची, कागदी निगेटिव्हची. तिच्यात कागदाचे तंतू छापात उतरत आणि बारकावे पुसट होत. काचेवरची ओली कोलोडियन पद्धत आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे १८५० चा दावा करणाऱ्याने प्रथम सांगावे की मूळ वस्तू पत्रा आहे की कागद. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतीत नेमके हेच कळत नाही.

हे तंत्र आधी बंदरांच्या शहरांत रुजले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. बुंदेलखंडात मुंबईसारखी सोय नव्हती. शिवाय कोलोडियनची काच ओली असतानाच फोटो घेऊन धुवावी लागे, म्हणजे काळोखी तंबू सोबत हवा. कोलोडियनमधले इथर ३५ अंशांच्या आसपास उकळते आणि आमचा मे महिना ४५ च्या वर जातो. रसायनशास्त्राच्या तासाला हे उदाहरण मी आवर्जून देतो.

आता हॉफमन. भारतीय छायाचित्रणात हे नाव ठाऊक आहे ते कलकत्त्याच्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ स्टुडिओमुळे, आणि तो सुरू झाला १८८२ च्या सुमारास. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ पडली. मधली सुमारे चोवीस वर्षे भरून काढायला नुसते नाव पुरत नाही. स्टुडिओच्या पुठ्ठ्यावर छापलेले नाव पुढे एखाद्याने राणीच्या काळात ढकलले असावे, असा माझा कयास आहे.

फोटोच्या विरोधात एक चुकीचा युक्तिवादही ऐकू येतो: राणी विधवा होती, मग इतके दागिने कसे? पण गंगाधरराव वारले नोव्हेंबर १८५३ मध्ये. १८५० साली ती सधवाच होती, त्यामुळे दागिन्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. आपला निष्कर्ष बरोबर असला तरी पुरावा कच्चा नको. वयाचा मुद्दाही दुधारी आहे. जन्म १८३५ चा धरला तर ती तेव्हा पंधरा वर्षांची, १८२८ चा धरला तर बावीस.

फोटो नाही म्हणून राणी आपल्याला दिसतच नाही, असे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला आणि मराठी वाचकाला राणी जवळून दिसते ती त्यात. विद्यार्थ्यांनी मोबाइलवरच्या फोटोआधी ते पुस्तक उघडावे, असे मला फार वाटते.

दुसरा साक्षीदार जॉन लँग, सिडनीत जन्मलेला वकील. संस्थान खालसा होत असताना, १८५४ मध्ये, राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावले. ती पडद्याआड बसली होती. बोलणे चालू असताना लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला केला आणि लँगला ती क्षणभर दिसली. अंगावर साधे पांढरे मलमलीचे वस्त्र होते आणि सोन्याच्या कर्णभूषणांखेरीज एकही दागिना नव्हता.