यंत्राचे टिपण आणि त्याची मार्गदर्शिका : एक चिकित्सा

प्रस्तावना

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट सोपविलेले काम टप्प्याटप्प्याने पार पाडतो. परंतु त्यामागील भाषा-प्रारूप एका वेळी ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकते. नवे सत्र सुरू झाले की आधीच्या कामातील काहीही आपोआप त्याच्यासमोर येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एजंटला स्वतःची टिपणे लिहून ठेवण्याची सोय दिली जाते. या सोयीची मार्गदर्शिका ही केवळ तांत्रिक बाब समजली जाते. प्रस्तुत लेखात मात्र एक लेखनप्रकार म्हणून तिचा विचार केला आहे. त्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये खुले केलेले स्मृती-उपकरण आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या नमुना-संचातील स्मृती-सर्व्हर ही दोन उदाहरणे घेतली आहेत.

विवेचन

अशा मार्गदर्शिकेला दोन वाचक असतात. एक, उपकरण आपल्या प्रणालीत बसविणारा प्रोग्रामर आणि दुसरा, खुद्द एजंट. स्मृती-उपकरणात पाहणे, तयार करणे, मजकूर बदलणे, मजकूर घालणे, पुसणे आणि नाव बदलणे अशा सहा आज्ञा आहेत. एजंट आज्ञा देतो. फाइल प्रत्यक्षात साठते ती वापरणाऱ्याच्या प्रणालीत. सोबत एजंटला दोन सूचना मिळतात : कामास हात घालण्यापूर्वी टिपणांचा संग्रह पाहावा आणि काम कोणत्याही क्षणी खंडित होईल असे गृहीत धरून प्रगतीची नोंद ठेवावी. दुसरी सूचना विशेष मार्मिक आहे. ज्याला मागचे काहीही आठवत नाही अशा वाचकासाठी लिहिण्याची शिस्त ती लावते. नेमून दिलेल्या संग्रहाबाहेरील फाइलींना हात लागू नये आणि संवेदनशील माहिती टिपणात उतरू नये, याबाबतही मार्गदर्शिका प्रोग्रामरला सावध करते.

टिपण कोठे आणि कसे लिहावे हे येथे नीट सांगितले आहे. ते विश्वसनीय केव्हा मानावे, याची चर्चा मात्र तोकडी पडते. स्मृती-सर्व्हरमध्ये वस्तू, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांविषयीची निरीक्षणे अशी रचना आहे. एका निरीक्षणात एकच तथ्य असावे, हा त्यातील सल्ला योग्यच आहे. पण त्या निरीक्षणाला दिनांक आणि आधार यांचे सक्तीचे रकाने नाहीत. एजंटने स्वतः पाहिलेले, वापरणाऱ्याने सांगितलेले आणि एजंटने केवळ अनुमानिलेले, हे सर्व एकसारख्याच विधानात बसते.

समजा, एखाद्या महाविद्यालयात असा एजंट प्रवेश-अर्ज तपासतो आहे. विद्यार्थ्याने जोडलेली जातवैधता प्रमाणपत्राची प्रत अस्पष्ट असल्याने ती वाचता आली नाही आणि एजंटने 'प्रमाणपत्र नाही' असे टिपण केले. दुसऱ्या दिवशीच्या सत्रात त्या अनुमानाला निर्णयाचे वजन येते आणि विद्यार्थ्याची जागा धोक्यात येते. इतिहासाचे अभ्यासक पत्र कोणी, कोणास व केव्हा लिहिले हे पारखल्याखेरीज त्यातील मजकुराला पुरावा मानत नाहीत. तीच पारख येथेही आवश्यक आहे.

दुरुस्तीचा प्रश्नही असाच आहे. कार्यालयीन नोंदवहीत चुकलेली नोंद आडव्या रेघेने खोडून शेजारी आद्याक्षरी करतात. मूळ नोंद वाचता येते. स्मृती-उपकरणाच्या सहा आज्ञांत जुना मजकूर जपणारी आज्ञा नाही. प्रणाली बसविणाऱ्याने वेगळी तजवीज केली नसेल, तर बदललेले टिपण पहिल्यापासून तसेच होते असे भासते. शिवाय, एजंट वाचत असलेल्या कागदात कोणी खोडसाळ सूचना दडविली आणि ती टिपणात उतरली, तर पुढील सत्रात ती परक्याची न राहता स्वतःचीच नोंद ठरते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, टिपणाचे स्वरूप मोकळे ठेवणे हेच सोयीचे असून एजंट गरजेनुसार दिनांक लिहू शकतो. तो अंशतः खरा आहे. परंतु ऐच्छिक सवयीवर नोंदींची शिस्त उभी राहत नाही. शिवाय मार्गदर्शिकेतील नमुनाच प्रोग्रामर आणि एजंट दोघेही गिरवतात. म्हणून तो निर्दोष असणे महत्त्वाचे ठरते.

समारोप

प्रस्तुत लेखकाच्या मते अशा मार्गदर्शिकेत पुढील बाबींचा समावेश व्हावा : प्रत्येक टिपणाला दिनांक व आधार असावा, पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले यांत भेद दाखवावा, दुरुस्ती करताना पूर्वीची नोंद जपावी, आणि व्यक्तीच्या हक्कावर परिणाम करणारे टिपण मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. महाविद्यालयीन कामात ही साधने स्वीकारताना वेग आणि अचूकता यांच्याइतकीच चौकशी त्यांच्या टिपणपद्धतीची व्हावयास हवी. कारण चुकीच्या नोंदीचा फटका बसतो तो ती नोंद कधीच पाहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला.